नंबर लागण्याचा इतिहास

एखादी वस्तू विकत घेणे आणि ती हाती पडणे, या दोन क्रियांत पैसे मोजण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा फारसे अंतर नसावे, हा जगाचा साधा व्यवहार आहे. अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून न्यावयाची फिरती घरे मिळतात. असे घर प्रथमच घेणारा गृहस्थ विक्रेत्याच्या अंगणात जातो, नळ सोडून पाहतो, दिवे लावून पाहतो, खिडक्यांच्या फटी तपासतो आणि समाधान झाले म्हणजे सही करून ते घर ओढून नेतो. मालकीचा तो पहिला तास परीक्षेचा असतो आणि परीक्षक असतो ग्राहक. आपल्या देशात मात्र एका पिढीइतका काळ हा क्रम उलटा होता. येथे परीक्षा ग्राहकाचीच होत असे, ती वर्षानुवर्षे चाले, आणि तीत उत्तीर्ण होण्यास ‘नंबर लागणे’ असे म्हणत. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पहिल्या वाहनाचा, म्हणजे स्कूटरचा, हा इतिहास आहे. आम्हां सरकारी नोकरांस तो विशेष जवळचा आहे, आणि तितकाच अडचणीचाही.

स्कूटर हे दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून उठलेले वाहन. इटलीतील पियाज्जो कंपनीने १९४६ मध्ये ‘व्हेस्पा’ आणि इनोचेंती कंपनीने १९४७ मध्ये ‘लँब्रेटा’ बाजारात आणली. दोन्हींचे भारतातील आगमन मुंबईच्या दाराने झाले, ही गोष्ट मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लँब्रेटाची जुळणी आरंभिली. १९४५ मध्ये स्थापन झालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून व्हेस्पा आयात करू लागली. हीच संस्था पुढे ‘बजाज ऑटो’ झाली. तिला १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९६० मध्ये पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखान्याचे भूमिपूजन झाले. १९७१ मध्ये पियाज्जोबरोबरचा करार संपला, आणि १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या अश्वाचे नाव घेऊन ‘चेतक’ अवतरली. १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या विकास महामंडळाच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. शिवछत्रपतींच्या घराण्याची राजधानी असलेले शहर स्कूटरसाठी भारतभर ओळखले जाईल, हे कोणत्या बखरकाराच्या स्वप्नी आले असते?

कारखाना उभा राहिला, परंतु किती गाड्या करावयाच्या हे कारखानदाराच्या हाती नव्हते. परवान्यात जेवढी क्षमता लिहिलेली असेल तेवढेच उत्पादन करावयाचे; अधिक करावयाचे तर दिल्लीची अनुज्ञा हवी. १९६९ च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्याने मोठ्या उद्योगसमूहांवर आणखी एक पहारा बसविला. परिणाम आकड्यांत पाहावा. बजाज ऑटोचे एक लक्षावे वाहन १९७० मध्ये बाहेर पडले, म्हणजे लक्षाचा पल्ला गाठण्यास कारखान्याला सुमारे दशकभर लागले. तेवढीच वाहने कंपनीने १९७७ मध्ये एका वर्षात विकली, आणि १९८६ मध्ये वर्षाला पाच लक्ष. माणसे तीच, रस्ते तेच, कारखानदार तोच. फरक पडला तो प्रामुख्याने अनुज्ञेत.

मागणी अफाट आणि पुरवठा बेताचा, अशा स्थितीत वाटपाचा प्रश्न उद्भवतोच. त्यासाठी सरकारने ‘स्कूटर (वितरण व विक्री) नियंत्रण आदेश, १९६०’ काढला. विक्रेत्याने नोंदणीच्या क्रमाने गाडी द्यावी, आणि घेणाऱ्याने ती ठराविक मुदतीत विकू नये, हे त्याचे सूत्र. हेतू शुद्ध होता. परंतु रांग जसजशी लांबत गेली तसतशी नोंदणीची पावती हीच संपत्ती बनली. कित्येकांस आठ-दहा वर्षे थांबावे लागले. मुलगा शाळेत असता केलेली नोंदणी तो नोकरीला लागल्यावर फळास यावी, हे नवलाचे राहिले नाही. वापरलेली गाडी नव्या गाडीच्या ठरीव किमतीहून महाग विकली जाऊ लागली, कारण जुन्या गाडीस प्रतीक्षा नव्हती. हुंड्याच्या यादीत स्कूटर शिरली, ती केवळ किमतीमुळे नव्हे, दुर्मिळतेमुळेही. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा थांबला नाही आणि नियंत्रण आदेशाने ‘वरचे पैसे’ थांबले नाहीत.

आता आमच्या वर्गाच्या अडचणीची गोष्ट. ही रांग सर्वांस सारखी नव्हती. शासकीय कोटा म्हणून काही गाड्या राखून ठेवलेल्या असत आणि त्यांतून सरकारी नोकरांस वाटप होई. परकीय चलन आणणाऱ्यांस वेगळे दार होते. बाकीचे सारे, म्हणजे दुकानदार, खासगी शाळेतील शिक्षक, गिरणीतील कारकून, मुख्य रांगेत उभे असत. सरकारी नोकरास याशिवाय वाहन-अग्रिम मिळे. त्याची परतफेड पगारातून हप्त्याहप्त्याने होई, आणि कर्ज फिटेपर्यंत गाडी साक्षात राष्ट्रपतींच्या नावे गहाण लिहून द्यावी लागे. कनिष्ठ लिपिकाच्या स्कूटरीवर राष्ट्रपतींचा बोजा, यातील विनोद त्या काळी कोणास जाणवला असेल असे वाटत नाही. तहानेने व्याकूळ झालेला मनुष्य पाण्याच्या भांड्यावरील नक्षी पाहत बसत नाही. ही सोय सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर २०१६ मध्ये बंद झाली. वर्तणूक नियमांनुसार मोठ्या खरेदीची सूचना कचेरीस देण्याचा पाठ मात्र अद्याप चालू आहे.

आमच्या कचेरीतून निवृत्त झालेली वडीलधारी मंडळी कधी भेटली म्हणजे गाडी ताब्यात घेण्याच्या दिवसाचे वर्णन मोठ्या प्रेमाने करतात. त्या वर्णनांत एक गोष्ट आम्हांस नेहमी आढळते. रंग कोणता हवा, हे त्यांस फारसे कोणी विचारले नव्हते. जो आला तो आपला. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावयाचा, जादा चाक व हत्यारांची पिशवी मोजून घ्यावयाची, पेट्रोलमध्ये तेल किती मिसळावयाचे ते विचारून घ्यावयाचे, इतकीच काय ती तपासणी. पत्र्यावर ओरखडा दिसला तरी गाडी नाकारण्याचे धैर्य कोणास होणार? नाकारली तर पुन्हा केव्हा मिळेल, याची शाश्वती नव्हती. मग हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि एका बाजूस जड असलेल्या त्या गाडीचा तोल सांभाळीत घरापर्यंतचा पहिला प्रवास. वडील चालवीत, पुढे मोठा मुलगा उभा, मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटे, असे अख्खे कुटुंब त्या दोन चाकांवर मावत असे.

हा इतिहास राजाजीनगरात बसून लिहिताना एका योगायोगाकडे डोळेझाक करता येत नाही. बंगळूरच्या वायव्येकडील ही वसाहत चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखली जाते. १९४८ ते १९५० या काळात ते भारताचे गव्हर्नर-जनरल होते. याच राजाजींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला आणि परवाने, परमिटे व कोटे यांच्या आधारे चालणाऱ्या कारभारास ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी स्कूटरचा नियंत्रण आदेश निघाला. त्यांचे सारे राजकारण आम्हांस मान्य आहे असे नव्हे. परंतु त्यांच्या नावाच्या वसाहतीतील रहिवाशांनीही परमिट राजाचा प्रत्यय वर्षानुवर्षे नोंदणीच्या पावतीवर घेतला असणार. वसाहतीच्या उत्तरेस तुमकूर रस्ता आहे. तो पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असे करीत पुण्यास जातो आणि पुण्यापलीकडे आकुर्डीस. जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ चाच हा भाग. गाडीचे जन्मस्थान आणि तिची वाट पाहणारा यांच्यामध्ये अडथळा होता तो रस्त्याचा नव्हे.

ही रांग मोडली कशी? १९८३ च्या डिसेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती मोटारीची किल्ली दिल्लीच्या एका गृहस्थास दिली. ते गृहस्थ इंडियन एअरलाइन्सचे कर्मचारी होते. ग्राहकाने वाहन ताब्यात घेणे हा राष्ट्रीय समारंभ व्हावा, यातच त्या काळाचे सारे दैन्य आणि सारी आशा आली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाजचा दुसरा कारखाना सुरू झाला. कायनेटिक होंडा आणि एलएमएल यांच्या गाड्या स्पर्धेत उतरल्या. १९९१ मध्ये परवानापद्धतीचा मोठा भाग गेला. पाहता पाहता विक्रेता ग्राहकाच्या मागे फिरू लागला. लोकांची आवड मोटरसायकलीकडे वळली आणि चेतकचे उत्पादन नव्या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. ते नाव विजेवर चालणाऱ्या गाडीच्या रूपाने जानेवारी २०२० मध्ये परतले. विक्री प्रथम दोनच शहरांत होती, पुणे आणि बंगळूर. एप्रिल २०२१ मध्ये उघडलेली नोंदणी अवघ्या ४८ तासांत थांबवावी लागली, तेव्हा जुन्या मंडळींस आपले तारुण्य आठवले असेल. मात्र या वेळची टंचाई परवान्याची नव्हती, आणि तिला कोटा नव्हता.

येथील आयुधपूजेला रस्तोरस्ती गाड्यांस केळीची रोपे बांधतात आणि कुंकू भरलेला कोहळा फोडतात. आपली खंडेनवमी हीच. त्या दिवशी जुन्या स्कूटरीही पुसूनपासून बाहेर निघतात आणि त्यांचे मालक प्रतीक्षेच्या कथा सांगतात. त्या ऐकताना आमच्या मनात एक शंका येते. प्रतीक्षेने वस्तूचे मोल वाढते, त्या काळी माणसे समाधानी होती, असे म्हणणारे बहुधा तेच असतात ज्यांचा नंबर लागला. जो शिक्षक निवृत्तीपर्यंत सायकलच दामटीत राहिला, जिच्या लग्नात स्कूटरवरून बोलणी फिसकटली, त्यांच्या आठवणी आयुधपूजेच्या फुलांखाली सापडत नाहीत. रांगेचा गोडवा रांगेच्या पुढच्या टोकास असतो, आणि त्या टोकाशी आमच्या वर्गास सरकारनेच उभे केले होते.

म्हणून एक विनंती. महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या अनेक कुटुंबांच्या ट्रंकांत त्या काळची वाटपपत्रे, गहाणखते, नोंदणीच्या पावत्या अजून असतील. घर बदलताना ती रद्दीत घालू नयेत. ज्या पावत्यांवर गाडी मिळाली त्या जपाव्यात. ज्यांवर मिळाली नाही, त्या अधिक जपाव्यात. त्या काळाचा हिशेब दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्याशिवाय जुळावयाचा नाही.