गर्दीचे सदृशीकरण : सोबतीच्या गटांचा प्रभाव

इमारत, रस्ता, स्थानक किंवा यात्रास्थान यांतून माणसे कशी चालतील आणि संकटप्रसंगी किती वेळात बाहेर पडतील याचा आगाऊ हिशेब संगणकावर मांडताना, कुटुंबे, मित्रमंडळी व सहप्रवासी एकमेकांस सोडून चालत नाहीत ही गोष्ट जमेस धरणारी गणनपद्धती. या शास्त्राचा प्रारंभ मात्र गर्दी सुट्या व्यक्तींची बनलेली असते या गृहीतावर झाला. 1971 मध्ये हेंडरसन यांनी गर्दीतील गतीची तुलना वायूच्या रेणूंशी केली. 1995 मध्ये डिर्क हेल्बिंग व पेटर मोल्नार यांनी ‘सामाजिक बला’चे प्रतिमान मांडले, ज्यात पादचारी आपल्या गंतव्याकडे ओढला जातो आणि इतर माणसे व भिंती यांपासून दूर सारला जातो. 2000 मध्ये हेल्बिंग, फार्काश व विचेक यांनी त्याच आधारे दाखविले की, अरुंद दरवाजापाशी सर्वांनीच घाई केली, तर परस्पर घर्षणाने वाट तुंबून सुटकेस उलट विलंब होतो.

या हिशेबातील उणीव मेहदी मुसाईद व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये फ्रान्समधील तुलूझ शहराच्या रस्त्यांवरील निरीक्षणांतून भरून काढली. गर्दीतील 70 टक्क्यांपर्यंत माणसे कोणा ना कोणाच्या सोबतीने चालत असतात. वाट मोकळी असेल तर ती शेजारी शेजारी चालतात. दाटी वाढू लागली की तिघांतील मधला किंचित मागे राहतो आणि गटाची आकृती पुढे उघडणाऱ्या कोनासारखी होते, म्हणजे उडत्या पक्ष्यांच्या थव्याच्या नेमकी उलट. अशा आकृतीने गर्दी कापणे कठीण जाते, तरीही माणसे ती पत्करतात, कारण चालताना एकमेकांचा चेहरा दिसावा व बोलणे चालू राहावे हे त्यांना अधिक मोलाचे वाटते. म्हणून प्रतिमानात सोबत्याकडे मान वळविण्याचा कल, त्यामुळे मंदावणारी चाल आणि गटाच्या मध्याकडे ओढणारे बल यांची भर घातली गेली.

अशा बंधाची खरी कसोटी आगीच्या वेळी लागते. आइल ऑफ मॅनवरील समरलँड या करमणूक-केंद्रास 2 ऑगस्ट 1973 रोजी लागलेल्या आगीत 50 माणसे दगावली. वाचलेल्यांच्या जबान्यांचा अभ्यास करून जॉनथन साइम यांनी दाखवून दिले की, लोक केवळ जवळच्या दाराकडे धावले नव्हते. आप्तांकडे व परिचित वाटेकडे जाण्याची ओढ त्यांच्या हालचालींत स्पष्ट होती. या वर्तनास घबराट म्हणणे अन्यायाचे आहे. मुलाचा शोध घेणारी आई अविवेकी नसते. तिचे गंतव्य दरवाजा नसून मूल असते, आणि जे प्रतिमान तिला थेट दरवाजाकडे चालविते ते सुटकेचा कालावधी प्रत्यक्षाहून कमी दाखविण्याचा संभव मोठा. गट जमण्यात वेळ जातो, आणि जमलेला गट त्यातील सर्वांत मंद माणसाच्या गतीने चालतो. दारांची रुंदी मुक्रर करताना ही बाब विचारात घेणे अगत्याचे आहे.

युरोपातील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारत व जर्मनी यांच्या तुलनेत, दाटी वाढल्यावर भारतीयांचा वेग जर्मनांइतका घटत नाही असे आढळले. परंतु तेथे माणसे एकेरी रांगेत चालविली होती, त्यामुळे कुटुंबाच्या चालीचा उलगडा त्यातून होत नाही. पंढरीच्या वारीतील दिंडीला तर रथापुढील वा रथामागील क्रम ठरलेला असतो आणि तिच्यात अनेकदा शेकडो वारकरी चालतात; दोघा-चौघांच्या गटासाठी रचलेली समीकरणे तिच्यावर केवळ संख्या वाढवून बसविता येत नाहीत.