चतुःसीमा आणि लेक रोड

जुन्या खरेदीखतात जमिनीचे ठिकाण मौजे, तालुका, जिल्हा अशा चढत्या क्रमाने नोंदवून झाले, की कारकून चतुःसीमेकडे वळे. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पायवाट असा तो मजकूर वाचताना वाचणारा जणू त्या जमिनीच्या मध्यभागी उभा राहून चहूकडे पाहत असे. मौजे भांडुप, तालुका साष्टी, जिल्हा ठाणे या गावाची स्वतःची चतुःसीमाही अशीच डोळ्यांना दिसणारी होती : पूर्वेस मिठागरे व ठाण्याची खाडी, पश्चिमेस विहार तलावाकडचे डोंगर.

मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना मुंबईहून ठाणे-कल्याणकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना 1843 साली याच भांडुपच्या भेटीत सुचली, अशी नोंद आहे. आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हा या गावाच्या दिशांचा अर्थच पालटण्यास आरंभ झाला. पूर्व आणि पश्चिम आपल्या बांधावरून मोजण्याची रीत मागे पडत गेली व रुळांवरून मोजण्याची रीत रुजली. 'भांडुप वेस्ट' हे शब्द आज सूर्याशी नव्हे, स्टेशनाशी नाते सांगतात.

1950 साली बृहन्मुंबईची हद्द भांडुपपर्यंत आली, कारखाने वाढले, आणि पत्त्यांत इंग्रजी शब्दांच्या जोड्या स्थिरावल्या : स्टेशन रोड, लेक रोड, टँक रोड, क्वारी रोड, व्हिलेज रोड. मराठी कानाला त्या परक्या वाटल्या नाहीत, याचे कारण मला व्याकरणात दिसते. तळ्याकडे जाणारा रस्ता, खाणीकडे जाणारा रस्ता यांतील मधले पद गाळून केलेला तो मध्यमपदलोपी समासच आहे, आणि अशा समासांची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. 'टँक' या शब्दाचे मूळ तर काही कोशकार आपल्याच 'टाके' शब्दाच्या कुळात शोधतात. तसे असेल, तर तो शब्द पोर्तुगीज व इंग्रज मुखांतून फिरून माहेरीच परतला म्हणावयाचा. व्हिलेज रोड मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. सिएटचा टायरचा अवाढव्य कारखाना ज्या रस्त्यावर उभा राहिला, त्या रस्त्याने आपल्या नावातले खेडे सोडले नाही. शेजारच्या आग्रा रोडला पुढे लालबहादुर शास्त्रींचे नाव लाभले. तो सन्मान योग्यच, परंतु रस्ता कोठे जातो हे सांगणारे नाव मात्र त्यात मावळले.

'अपोझिट', 'बिहाइंड', 'नियर' हे शब्दही पाट्यांवर आले, आणि समोर, मागे, जवळ यांचे काम त्यांनी बिनतक्रार केले. हार खाल्ली ती 'अलीकडे' आणि 'पलीकडे' या जोडीपुढे. बोलणारा कोठे उभा आहे हे त्या शब्दांच्या पोटातच असते, त्यामुळे कागदावरच्या पत्त्यात त्यांना जागा मिळत नाही, पण रिक्षात बसलेला भांडुपकर छापील पत्ता खिशातच ठेवतो आणि सांगतो, "गाढव नाक्याच्या जरा अलीकडे थांबवा."