सुपारीनं कमावलेलं तोंड

मराठीत माणूस पैसे कमावतो, नाव कमावतो, तालमीत जाऊन शरीर कमावतो आणि कातडंही कमावतो. या चौथ्या कमाईत काय होतं, ते कोल्हापुरी चपला करणाऱ्यांना विचारावं. कच्चं कातडं लवकर कुजतं. तेच बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवलं की पक्कं होतं. त्यातला तुरट अंश, म्हणजे टॅनिन, कातड्याच्या धाग्यांना घट्ट धरून बसतो आणि मग ते धागे सहज तुटत नाहीत. माणसाचं जितंजागतं तोंडही असंच कमावलं जातं, श्रोतेहो. त्याला हिरडा लागत नाही, सुपारी पुरते.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. शरीरशास्त्राशी माझी ओळख एका डॉक्टर मित्रामुळे झाली. त्यानं सांगितलं ते असं : त्वचेखालचा थर, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा, सांध्यांचे बंध, कुर्चा, असं शरीराला जोडून आणि सावरून धरणारं जे जे आहे, त्याला संयोजी ऊती म्हणतात. भिंतीत विटा मोजल्या जातात, मधला माल कुणी मोजत नाही. तसं यांचं आहे. या ऊतींतला मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन. तो तीनपदरी असतो, आणि ही तिपेडी वेणी उलगडली ती आपल्याच देशात, मद्रास विद्यापीठात. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा क्ष-किरणांनी अभ्यास करून १९५४ मध्ये तीन पदर दाखवले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा एकमेकांभोवतीचा पीळ दाखवला.

ही वेणी सैल पडली तर माणूस खिळखिळा होतो. क जीवनसत्त्वाविना जुने खलाशी हिरड्यांतून रक्त येऊन मरायचे, ते त्यामुळेच. पण वेणी फार दाट आणि फार घट्ट झाली तर? तोंडापुरतं त्याचं उत्तर मुंबईत शोधलं गेलं, आणि तो इतिहास आपल्याला फारसा सांगितला जात नाही.

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांची हकीगत मांडली. त्यांच्या तोंडाचं आतलं अस्तर पांढरट आणि ताठ होऊन तोंड उघडेनासं झालं होतं. माणसं समुद्रापार गेली तरी अडकित्ता सोबत नेतात, तसा रोगही सोबत गेला होता म्हणायचं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी असेच रुग्ण नोंदवले आणि रोगाला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिलं. अर्थ साधा : अस्तराखाली तंतू माजणं. सुश्रुताच्या ग्रंथातला ‘विदारी’ हाच तो रोग, असं काही जण सांगतात. मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं.

आता कारण कोणतं? हिंदुस्थानी माणसाच्या तोंडाचं काही बिघडलं की पहिला संशय मिरचीवर. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सत्यवती शिरसाट यांनी मिरचीतला तिखट अंश उंदरांच्या टाळूला लावून पाहिला. ते काम १९६० चं. दोन वर्षांनी सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्याचीही तपासणी झाली. निकाल काही लगेच लागला नाही, मिरची पुढेही बरीच वर्षं पुस्तकांत आरोपी म्हणून उभी होती. १९६६ मध्ये शिरसाट आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी मिळून या रोगाचं जे वर्णन लिहिलं, ते आजही जगभर आधाराला घेतलं जातं. मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी फिरले. १,०१,७६१ माणसांची तोंडं त्यांनी पाहिली. हा आकडा १९७२ साली छापला गेला. त्या तोंडांत हा रोग अगदी तुरळक होता.

पानाची चाल इथं तेव्हाही होतीच. चौदाव्या शतकात आलेला इब्न बतूता विड्याचं कौतुक लिहून गेला आहे. आमच्या दादीचं पितळी पानदान मला आठवतं, त्यात सुपारी मोजकी असायची आणि पान भरपूर. बदल झाला तो पुडीनं. आधी डब्यातून पानमसाला आला, मग चार घडीच्या चकचकीत पुड्या टपऱ्यांवर माळेसारख्या लटकल्या. त्यांत पान नव्हतंच. होती ती सुपारी, कात, चुना, सुगंध, आणि गुटख्यात तंबाखू. दादी दिवसातून दोन विडे लावायची. पोरं दिवसाला वीस पुड्या फोडू लागली.

भावनगर जिल्ह्यात डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तंबाखू-सुपारी खाणारे ५०१८ पुरुष तपासले, तेव्हा १६४ जणांना हा रोग निघाला. चौघे सोडले तर बाकी सारे सुपारी खाणारे, आणि बहुतेक पस्तिशीच्या आतले. तो अहवाल १९९८ चा.

सुपारी करते काय? तिच्यातलं अरेकोलिन धागे विणणाऱ्या पेशींना जास्त काम करायला लावतं. तिच्यातलं तांबं त्या धाग्यांना टाके घालणाऱ्या विकराचा जोर वाढवतं. आणि तिच्यातलं टॅनिन जुने धागे झिजू देत नाही. म्हणजे माल वाढला, शिवण घट्ट झाली आणि मोड थांबली. गालाचं कातडं कमावलं गेलं!

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत रात्री ट्रक लागतात, तळवडे-चिखलीच्या वर्कशॉपांच्या पाळ्या सुटतात, आणि टपरीवर मावा घोटला जातो. आमच्या काव्यवाचनाला तिकडचाच एक लेथ चालवणारा मुलगा यायचा. गझल तरन्नुममध्ये म्हणायचा, आवाज मोकळा. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मावा धरला. पुढे तो मिसळ नको म्हणू लागला, चहा गार करून पिऊ लागला, वडापाव चुरून खाऊ लागला. मग एका संध्याकाळी मतल्यातलाच ‘आ’ त्याला लांबवता येईना. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात, त्याच्या तोंडात एकच मावत होतं. वय पंचवीस.

हा रोग नुसता तोंड आवळून थांबत नाही. केरळात एर्नाकुलमच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखूविना सुपारीही कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली जाहीर केलं. आपल्याकडे गुटख्यावर २००२ साली बंदी आली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली जुलै २०१२ मध्ये पुन्हा आली. पण आपला सगळा राग तंबाखूवर. सुपारी पूजेच्या ताटात, लग्नाच्या बोलणीत. मुंबईत तर खुनाचीही ‘सुपारी’ दिली जाते, तेवढीच काय ती तिची बदनामी. जेवणानंतर बडीशेपेबरोबर ती लहान मुलाच्या हातावरही पडते, कुणी हरकत घेत नाही.

एकदा ताठलेलं अस्तर पूर्वीसारखं मऊ होत नाही. इंजेक्शनं आहेत, शस्त्रक्रिया आहे, आणि त्याहून आधी सुपारी सोडणं आहे. त्या मुलानं सोडली. दंतवैद्यांनी त्याला आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायला सांगितल्या आहेत, रोज सकाळ-संध्याकाळ. जमेल तशी एक वाढवायची. आठ काड्यांपासून सुरुवात झाली होती. मागच्या महिन्यापर्यंत तो तेरावर आला होता.