कोमोडो राष्ट्रीय उद्यान : महाकाय घोरपडीचे संरक्षण आणि बेटवासीयांचा इतिहास

प्रस्तावना

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकास लाबुआन बाजो हे बंदर आहे. तेथून बोटीने कोमोडो बेटावरील लोह लियांग येथे उतरणाऱ्या पर्यटकाच्या सोबतीला उद्यानाचा रक्षक दिला जातो. त्याच्या हाती टोकाशी दुभंगलेली लांब काठी असते, आणि सुमारे तीन मीटर लांबीपर्यंत वाढणाऱ्या मांसाहारी प्राण्यापासून बचाव करण्याचे तेवढेच साधन त्याच्याजवळ असते. वाटेत पर्यटकास जी माहिती मिळते ती बहुतांशी या प्राण्याविषयीची असते. त्याचे विष, त्याची शिकारीची रीत, नराशिवाय अंडी फलद्रूप करण्याची मादीची क्षमता इत्यादी. बेटावरील सुमारे दोन हजार वस्तीचे गाव मात्र लाकडी घोरपडी विकत घेण्याचे ठिकाण एवढ्याच नात्याने त्याच्या दृष्टीस पडते. उद्यानाचा प्रचलित इतिहासही याच पद्धतीने लिहिला गेला आहे. त्या इतिहासातून बेटवासी कसे वगळले गेले व त्याचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘शोध’ या शब्दाविषयी

१९१० मध्ये फ्लोरेसवर नेमणुकीस असलेल्या व्हान स्टेइन व्हान हेन्सब्रुक या डच अधिकाऱ्याच्या कानी ‘जमिनीवरील मगरी’च्या वार्ता आल्या. त्याने कोमोडोवर जाऊन एक प्राणी मारला व त्याचे छायाचित्र आणि कातडे जावातील बोइटेनझोर्ग (आजचे बोगोर) येथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाच्या पीटर औवेन्स यांजकडे धाडले. औवेन्स यांनी १९१२ मध्ये ‘वॅरॅनस कोमोडोएन्सिस’ या नावाने त्याची शास्त्रीय नोंद केली. आपल्याकडील घोरपडही याच ‘वॅरॅनस’ प्रजातीतील आहे, त्यामुळे सिंहगडाच्या दंतकथेवर वाढलेल्या मराठी वाचकास हा प्राणी अगदीच परका वाटू नये.

बहुतेक पुस्तकांत कोमोडोचा इतिहास येथून सुरू होतो. परंतु ज्या प्राण्याच्या वार्ता अधिकाऱ्यास स्थानिकांकडूनच मिळाल्या, त्याचा ‘शोध’ लागला असे म्हणणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने सैल ठरते. बेटावरील लोक त्यास ‘ओरा’ म्हणत होते आणि आजही म्हणतात. ‘ड्रॅगन’ हे बिरूद नंतरचे. १९२६ मध्ये डग्लस बर्डन या धनिक अमेरिकनाने न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी मोहीम काढली आणि बारा मृत व दोन जिवंत प्राणी नेले. त्याच्या पुस्तकाने ‘कोमोडो ड्रॅगन’ हे नाव जगभर रूढ केले. १९३३ च्या ‘किंग काँग’ चित्रपटाच्या कल्पनेमागे या मोहिमेच्या हकिकतीचा वाटा होता, हे सर्वज्ञात आहे. राक्षसी प्राणी आणि निर्मनुष्य आदिम बेट या प्रतिमेला मनुष्यवस्तीची अडचणच होती.

संरक्षणाची पावले मात्र लवकर पडली. १९१५ मध्ये बिमाच्या सुलतानाने ओराच्या रक्षणार्थ फर्मान काढले. पुढे डच राजवटीने व स्वातंत्र्योत्तर शासनाने निरनिराळी बेटे राखीव केली. १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले व १९९१ मध्ये त्यास जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

आता मोदो

बेटावरील मूळ समाज स्वतःस ‘आता मोदो’, म्हणजे मोदोची माणसे, असे म्हणवतो. पर्यटनविषयक लिखाणात त्यांना वारंवार बिमाच्या सुलतानाने हद्दपार केलेल्या कैद्यांचे वंशज ठरविण्यात आले आहे. हे विधान दिसते तितके निरुपद्रवी नाही, कारण कैद्यांचे वंशज म्हटले की भूमीवरील त्यांचा हक्क आपोआप दुबळा होतो. येलिस व्हेरहाइयेन या डच मिशनरी भाषाभ्यासकाने १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लोकांची स्वतंत्र भाषा नोंदविली आहे. निरनिराळ्या बेटांवरून आलेली कुळे या वस्तीत मिसळली, हे खरे. तथापि केवळ हद्दपार कैद्यांच्या वसाहतीतून अशी भाषा उभी राहिली असेल, हे प्रस्तुत लेखिकेस संभवनीय वाटत नाही.

त्यांच्या परंपरेनुसार नागकन्येच्या पोटी जुळे जन्मले. एक मानवी पुत्र गेरोंग व दुसरी ओरा. मोठेपणी शिकारीस गेलेल्या गेरोंगने हरिणावर हक्क सांगणाऱ्या ओरावर भाला उगारला, तेव्हा माता प्रकट होऊन म्हणाली की ही तुझी बहीण आहे. म्हणून ओरा त्यांची ‘सेबाए’, जुळे भावंड. ही कथा आज पूर्वीपेक्षा अधिक आग्रहाने सांगितली जाते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ती आता हक्काच्या वादातील पुरावाही झाली आहे. पण तिच्यामागे व्यवहार होता. हरिणाची शिकार केल्यावर ओरासाठी वाटा मागे ठेवण्याची चाल होती, असे गावकरी सांगतात. उद्यानाच्या नियमांनी शिकार बंद झाली आणि चालही गेली.

याच काळात पर्यटकांसाठी वेगळाच वाटा ठेवला जाऊ लागला. पाहुण्यांच्या पैशाने बोकड घेऊन तो ओरापुढे टाकण्याचा खेळ १९९४ पर्यंत चालला. प्राणी माणसाळतात व आयते खाण्यास सोकावतात म्हणून तो थांबविण्यात आला, हे योग्यच झाले. जून २००७ मध्ये ओराच्या हल्ल्यात गावातील एक आठ वर्षांचा मुलगा दगावला. नियमांमुळे ओरा भुकेला झाला, असे काही गावकऱ्यांचे म्हणणे होते. संवर्धकांना ते मान्य नव्हते. या वादाचा निवाडा प्राणिशास्त्राने करावा. मात्र दोन्ही बाजूंस ‘वाटा’ हा शब्द समान अर्थाने कळत नव्हता, एवढे नोंदविणे इतिहासाचे काम आहे.

२०१९ मध्ये पूर्व नुसा तेंगारा प्रांताच्या राज्यपालांनी कोमोडो बेट पर्यटकांसाठी बंद करून तेथील रहिवाशांना अन्यत्र हलविण्याचा मनोदय जाहीर केला. माणसे गेल्याने ओरा सुरक्षित होईल, हे त्यामागील गृहीतक. गावकऱ्यांनी निदर्शने केली व त्याच वर्षी केंद्र शासनाने ही योजना रद्द केली. त्या वादात पादार बेटाचा उल्लेख अधिक व्हावयास हवा होता. पादार उद्यानाच्या तीन प्रमुख बेटांपैकी एक. तेथे कायम वस्तीचे गाव नाही. तरीही हरणांच्या चोरट्या शिकारीने भक्ष्य घटले आणि १९७० च्या दशकात ओरा तेथून नाहीसा झाला. पुढे अनेक वर्षे तो तेथे आढळला नाही. कोमोडोवर गावही राहिले आणि ओराही राहिला.