वरण वाढवायचं की कमी करायचं?

लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात कुणाला मधुमेह निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: भात कमी, वरण जास्त. पुढे काही वर्षांनी लघवीत प्रोटीन सापडतं आणि त्याच माणसाला सांगितलं जातं, आता वरण आवरा. घरचे वैतागतात, मग खायचं तरी काय? यात सिस्टरची चूक नाही हं. दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या काळात जन्मलेले.

माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं ते १९२२ साली. त्याआधी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन मधुमेहींना जवळजवळ उपाशी ठेवून जगवायचे. बोस्टनचे इलियट जॉस्लिन यांनी शिकवलेल्या नर्स रुग्णांच्या घरी धाडल्या, कारण पथ्य मोडतं ते स्वयंपाकघरात.

इन्सुलिनमुळे माणसं जगली, आणि मग किडनीचं दुखणं ठळक दिसू लागलं. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेहींच्या किडनीतल्या गाठींचं वर्णन केलं. १९६३-६४ मध्ये इटलीत जोर्दानो आणि जोव्हानेत्ती यांनी प्रोटीन अगदी कमी करून किडनीच्या रुग्णांचा त्रास हलका केला. १९८२ मध्ये ब्रेनर यांनी कारण मांडलं: जास्त प्रोटीनमुळे उरलेल्या गाळण्यांवर ताण येतो.

पण 'कमी' म्हणजे किती? माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. डायलिसिस सुरू नसेल तर आजची शिफारस आहे वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या आजीला ४० ग्रॅम. ज्वारीच्या तीन भाकरींत साधारण २० ग्रॅम येतात, वाटीभर वरणात ६-७. म्हणजे वरण बसतं की! ते पूर्ण बंद केलं तर आजी अशक्त होते, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रोटीन उलट वाढवावं लागतं.

मिठाचं मात्र तसं नाही. दिवसाला ५ ग्रॅम, एक छोटा चमचा, त्यात लोणचं-पापडही आलं. (लोणार हे नावच लवणासुरावरून आलं म्हणतात, सरोवराचे क्षार लोक पूर्वी काढून वापरायचे.) 'कमी सोडियम'वालं मीठही परस्पर आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि दुबळ्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

तेव्हा सिस्टरकडे जाताना आजीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या, आणि काल दिवसभरात तिनं काय काय खाल्लं ते खरं सांगा. चोरून खाल्लेल्या पापडासकट.