भास्कराचार्यांचा मठ आणि पळीभर तेल

खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाला कापूस, केळी आणि वांग्याचे भरीत आठवते. आम्हां चोपडेकरांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु या मुलखाचे आणखी एक धन आहे, आणि ते काळ्या जमिनीत नसून दगडावर कोरलेले आहे. आमचे चोपडे सातपुड्याच्या पायथ्याशी, खानदेशच्या उत्तर कडेला. तेथून तापी ओलांडून अमळनेर, चाळीसगाव करीत थेट दक्षिण कडेला गेले, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटण लागते. आज पाटणादेवीच्या भोवती रान आहे. यादवांच्या काळी तेथे नांदते नगर होते. तेथील देवीच्या मंदिरातला शिलालेख मुंबईचे विख्यात डॉक्टर आणि पुराणसंशोधक भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे आणला, आणि भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत जगाला कळली.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ११८३ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ‘करणकुतूहल’ लिहिले. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, असे ते सांगतात. ते गाव कोणते यावर विद्वानांचे वाद आहेत. परंतु त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहूनच बोलावून नेले, हे शिळेवर स्पष्ट कोरलेले आहे.

या थोर पुरुषाविषयी घरोघरी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली लीलावतीची. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि दुःखी कन्येसाठी पित्याने ग्रंथ लिहिला, ही कथा गोड खरी. पण ती येते अकबराच्या दरबारातील कवी फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून. भास्कराचार्यांनी स्वतः ती कोठेही सांगितलेली नाही.

दुसरी गोष्ट अधिक अभिमानाची: गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी आपल्या भास्कराचार्यांनी शोधले! मुले शाळेतून ही बातमी घेऊन येतात आणि आजोबा मान डोलावतात. मला वाटते, येथे जरा थांबून मूळ ग्रंथ उघडावा. गोलाध्यायात आचार्य सांगतात की पृथ्वीच्या ठायी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडते असे आपल्याला दिसते. आणि सभोवार सारखेच आकाश असताना पृथ्वी स्वतः पडणार तरी कोठे? पृथ्वी सतत खाली पडत आहे असे मानणाऱ्यांना दिलेले हे उत्तर आहे, आणि उत्तर मोठे मार्मिक आहे. परंतु चंद्रालाही तीच ओढ बांधून ठेवते, अंतर वाढले की ती किती कमी होते, हे गणित न्यूटनचे. ते १६८७ साली आले. भास्कराचार्यांच्या ग्रंथात पृथ्वी स्थिर आहे आणि ग्रहांना प्रवह नावाचा वायू फिरवतो. त्यांच्या पदरी दुसऱ्याचे श्रेय बांधण्याची गरज नाही. त्यांचे स्वतःचे काय थोडे आहे?

दिवाळीचेच उदाहरण घ्या. अमावास्या किती वाजता संपते हे पाहिल्याशिवाय आपले लक्ष्मीपूजन ठरत नाही. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी सरते. पण चंद्र काही बैलगाडीच्या एकसारख्या चालीने जात नाही. दिवसाला कधी बारा अंशांहून कमी, तर कधी पंधरा अंशांपर्यंत चालतो. तेव्हा दिवसाची सरासरी धरली तर तिथीची वेळ चुकते. ज्या घटकेला तिथी संपायची, त्या घटकेचीच चाल हवी. भास्कराचार्यांनी तिला ‘तात्कालिकी गती’ म्हटले आणि ती काढण्याची रीत दिली. रीतीचे बीज मुंजालाच्या ९३२ च्या ग्रंथात होते; आचार्यांनी ते उकलून दाखवले. झोपाळा टोकाला पोचला की क्षणभर थबकतो, तसे जेथे ग्रहाचे अंतर कमाल होते तेथे त्याच्या गतीतला फरक शून्य होतो, हेही त्यांनी ओळखले. युरोपात पाचशे वर्षांनी उभ्या राहिलेल्या कलनशास्त्राच्या दारापर्यंतची ही वाट आहे.

त्यांची समजावण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी. पृथ्वी गोल असून सपाट का दिसते? परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि माणसाच्या दृष्टीत पृथ्वीचा त्याहून कितीतरी लहान तुकडा येतो, म्हणून. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मोठ्या वर्तुळाच्या चौपट असते, हे सांगताना चेंडूवर चढवलेल्या जाळीचा दाखला. पृथ्वी मोजायची तर उज्जैनीचे विषुववृत्तापासूनचे अंतर मोजा. ते परिघाचा सोळावा भाग आहे, म्हणजे सोळांनी गुणले की परीघ आला!

आता पुन्हा पाटणच्या शिळेकडे वळू. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. तेथल्या निकुंभ घराण्यातील सामंत सोइदेव याने त्याला देणगी दिली, ती शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर. विद्वानांनी तो दिवस ९ ऑगस्ट १२०७ हा ठरवला आहे. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच दिवशी दान मिळाले!

लेखातील वंशावळ आणि स्तुती संस्कृतात आहे. परंतु देणगीचा तपशील येतो तेव्हा भाषा मराठी होते, आणि माझे मन तेथे अडकते. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाकडे जाणारे उत्पन्न मठाला दिले. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्यांनी पळीपळीभर तेल. आणि पेठेत मापायचे ते मठाच्या मापाने मापावे. हे ज्यांनी द्यायचे, त्या तेल्या-वाण्यांना कळावे म्हणूनच ते त्यांच्या बोलीत लिहिले असणार. घाणेवाल्याला गोलाध्याय समजत नव्हता. पण तो शिकवणाऱ्यांच्या समईत त्याचे तेल जळत होते.

मठ आता नाही, पेठही नाही. पण आपल्या मुलाला भास्कराचार्यांचा अभिमान द्यायचा असेल, तर ‘न्यूटनच्या आधी’ एवढ्या दोन शब्दांवर भागवू नये. त्याला लीलावतीतले एक गणित घालावे, सुटीत चाळीसगावची एसटी धरून पाटणची शिळा दाखवावी. आणि गावातले वाचनालय किंवा शाळेची प्रयोगशाळा वर्गणी मागायला दारी आली, तर पळीभर तेलाची आठवण ठेवून हात आखडू नये.