मार्गाची वही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत. १९६२ च्या सुमारास त्यांनी आमच्या वर्गाकडून एक वही करवून घेतली होती. डाव्या रकान्यात गावाचे नाव लिहावयाचे आणि उजव्या रकान्यात, इंदूरहून त्या गावी निघालेल्याने प्रथम कोणते मोठे स्टेशन गाठावे, ते. पुण्यापुढे खंडवा. भुसावळपुढेही खंडवा. नागपूरपुढे मात्र उज्जैन. सबंध प्रवास लिहू लागलो की गुरुजी थांबवीत. “पुढचे खंडव्याचा स्टेशनमास्तर सांगेल. तुम्ही तुमच्यापुरते खरे लिहा,” असे ते म्हणत. प्रत्येक पानाच्या तळाशी, कोणत्या तारखेच्या वेळापत्रकावरून ते पान लिहिले, हे नोंदविल्याखेरीज वही तपासली जात नसे.

मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक आज संगणकांच्या मार्गसारणीच्या इतिहासावर बोलणार, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु ज्याला ‘राउटिंग टेबल’ म्हणतात ती सारणी मला प्रथम पाहावयास मिळाली, तेव्हा मला गुरुजींची वहीच आठवली. जाळ्यातील प्रत्येक संगणकापाशी अशी एक यादी असते. अमुक पत्त्यांकडे जाणारे पॅकेट अमुक शेजाऱ्याच्या हाती द्यावे, एवढेच तीत लिहिलेले असते. यादीत नसलेल्या सर्व पत्त्यांसाठी शेवटी एक सर्वसाधारण ओळ असते. एकाच पत्त्याला दोन ओळी लागू पडत असतील, तर अधिक नेमकी ओळ मानावयाची असा नियम आहे. ‘दक्षिणेकडील सर्व गावे : खंडवा’ असे लिहिलेले असले तरी ‘नागपूर : उज्जैन’ ही स्वतंत्र ओळ असेल, तर नागपूरच्या प्रवाशाने तिचेच ऐकावे, तसे हे आहे. हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही यादी माणसाला स्वतःच्या हाताने लिहिता येते. बर्कली विद्यापीठाच्या १९८३ मधील युनिक्स आवृत्तीत ‘रूट’ नावाची आज्ञा आली. तिने ओळ घालता येई आणि काढताही येई. हाताने लिहिलेल्या ओळीचे गुण उघड आहेत. ती स्थिर असते, आणि लहान जाळ्यात तीच पुरते. तिचा दोष असा की वाटेतला पूल वाहून गेला तरी ती ओळ तेच सांगत राहते. दोन संगणकांच्या याद्यांनी चुकून एकमेकांकडेच बोट दाखविले, तर बिचारे पॅकेट त्या दोघांमध्ये फेऱ्या घालीत राहते. म्हणून प्रत्येक पॅकेटावर एक आकडा असतो. दर मुक्कामी तो एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते.

हा दोष आरंभीच्या अभियंत्यांना ठाऊक होता. १९६९ मध्ये अमेरिकेत ‘आर्पानेट’ सुरू झाले, तेव्हापासूनच त्यातील यंत्रे शेजाऱ्यांशी सतत विचारपूस करून आपल्या याद्या स्वतः दुरुस्त करीत. परंतु बाहेरच्या जगात हाताचे काम पुष्कळ काळ टिकले. यूयूसीपी या पद्धतीने टपाल पाठविताना वाटेतल्या सर्व यंत्रांची नावे पाठविणाऱ्यानेच उद्गारचिन्हांनी जोडून पत्त्यात लिहावयाची असत. मुंबईस जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून १९८० च्या दशकात भारतातील आरंभीचे संगणकीय टपाल ये-जा करू लागले, तेही याच पद्धतीने.

यंत्रांच्या आपसांतील विचारपुशीचेही धोके दिसून आले. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेटमधील एका यंत्राच्या बिघाडामुळे एकाच निरोपाच्या तीन प्रती जाळ्यात फिरू लागल्या. त्यांच्यावरचे अनुक्रमांक असे बिघडले होते की प्रत्येक प्रत दुसरीहून नवी भासे. यंत्रे त्या प्रती एकमेकांना देत बसली आणि सारे जाळे कित्येक तास निकामी झाले. पुढे जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिन येथील एका बैठकीच्या वेळी याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी भोजनाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर, स्वतंत्र जाळ्यांनी परस्परांना मार्ग कसे कळवावेत याचा आराखडा केला. तीच ‘बीजीपी’ ही पद्धत. आजचे इंटरनेट तिच्यावर चालते. तिच्या मूळ रचनेत शेजाऱ्याने सांगितलेले खरे मानावयाचे होते.

त्या विश्वासाची कसोटी २४ फेब्रुवारी २००८ रोजी लागली. पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने सरकारी आदेशावरून यूट्यूब देशापुरते बंद करण्यासाठी आपल्या जाळ्यात एक ओळ घातली. ती २५६ पत्त्यांची होती. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या गटाची होती. घरापुरती लिहिलेली ही ओळ बाहेर जगाला कळविली गेली, वरच्या जाळ्याने ती पुढे पाठविली, आणि अधिक नेमकी ओळ मानावी या नियमाने जगभरची रहदारी तिकडे वळली. सुमारे दोन तास यूट्यूब जगाच्या मोठ्या भागास अदृश्य झाले होते.

आता एक घरगुती प्रसंग सांगतो. १९९९ मध्ये मी ज्या महाविद्यालयात होतो, तेथे आमच्या विभागास नुकतेच इंटरनेट मिळाले होते. ते चालेना म्हणून मी एका तरुण तंत्रज्ञाची पाठ घेतली. त्याने माझ्या घाईखातर आमच्या संगणकात हाताने एक ओळ लिहून दिली आणि काम सुरू झाले. काही महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. पुढे सुट्टीत बाहेरच्या जोडणीचे यंत्र बदलले, त्याचा क्रमांकही बदलला. आमची ओळ मात्र जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवीत राहिली. त्याच आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज जावयाचा होता. तिने तो पाठविला. “पोहोचला असेल ना, सर?” असे तिने विचारले आणि मी निःशंकपणे “पोहोचला” म्हणालो. अर्ज आमच्याच संगणकात पडून होता. तिचे एक वर्ष गेले. तिने मला कधी दोष दिला नाही. त्यामुळे तो मला अधिक लागला. ती ओळ लिहिली तेव्हा अचूकच होती. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली याची नोंद आम्ही कोठेही ठेवली नव्हती.

या इतिहासातून मला एवढेच दिसते. मार्ग शोधण्याचे काम यंत्रांनी घेतले, ते योग्यच झाले. लक्षावधी ओळी माणसाने लिहिणे शक्य नाही. पण पहिला शब्द आजही माणसाचाच असतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची केंद्रे परस्परांपासून तुटली. तिच्या यंत्रांनी नियमानुसार आपले मार्ग मागे घेतले आणि सुमारे सहा तास ती सेवा जगातून नाहीशी झाली. अलीकडे, कोणते पत्ते जाहीर करण्याचा अधिकार कोणत्या जाळ्यास आहे, याचे स्वाक्षरीयुक्त दाखले तपासण्याची पद्धत रुळू लागली आहे. सबंध वाट खरी आहे की नाही हे त्या दाखल्यावरून कळत नाही. सांगणारा अधिकारी आहे की नाही, इतके कळते. तेही थोडे नव्हे.

शाळेच्या संगणक कक्षात आज कोणी ना कोणी अशा ओळी लिहीत असेल. त्या कक्षात एक साधी वही ठेवावी, अशी माझी संचालक मंडळास विनंती आहे. काय बदलले, का बदलले, तारीख आणि सही. गुरुजींनी आम्हांला पानाच्या तळाशी तारीख का लिहावयास लावली, हे समजण्यास मला सदतीस वर्षे लागली आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी भरली. आपणांवर ती वेळ न येवो.